पंधरावा गडी

तंबाखू न खाता थुंकणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो म्हणजे आमचा मुकादम. तंबाखूला पैसे पडतात म्हणून तो ती खात नसे. पण कुणी खर्चाची गोष्ट काढली, की मान उजवीकडे वळवायचा आणि कोरडंच थुंकायचा. कुणी नवी चप्पल घालून आला, थू. कुणी पोरगा झाला म्हणून पेढे वाटले, तर पेढा तोंडात टाकायचा, सावकाश गिळायचा आणि मग थू. अशा माणसावर कागद काळा करावा असं त्याच्यात काही नव्हतं. पण मला त्याने जेवढा राग आणला तेवढा माझ्या सख्ख्या भावानेही आणला नाही. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं. रागाशिवाय मला दुसरं काही लिहिता येईल असं वाटत नाही.

सत्तर सालाच्या सुमाराची गोष्ट आहे. मी आटपाडीकडचा. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून सांगलीला आलो आणि हळदीच्या पेठेत हमालीला लागलो. आमची टोळी चौदा जणांची, मुकादम धरून. दिवसभर हळदीची पोती पाठीवर. घाम पिवळा, धोतर पिवळं, रात्री अंघोळ केली की मोरीतनं जाणारं पाणीही पिवळं. रस्त्याने चाललो की बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "नवरदेव आले गं!" चौदा नवरदेव, आणि वरात एकाचीही नाही.

मुकादमाचं खरं नाव घेत नाही. पेठेत त्याला सगळे कंदील म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तेव्हा हळद गुदामात ठेवत नसत. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत पेवं खणलेली असत. पेव म्हणजे विहिरीएवढा खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरायची, तोंडावर दगड ठेवायचा, मातीने लिंपायचं. चार-पाच वर्षं हळदीला काही होत नसे. मात्र दोन गोष्टी पाळाव्या लागत. एक, पेव एकदा फोडलं की हळद सगळी बाहेर काढायची. अर्धी काढली, अर्धी ठेवली, असं चालत नाही. बाकीची खराब होते. आणि दुसरी, फोडल्या फोडल्या आत उतरायचं नाही. आतली कोंडलेली हवा माणूस मारते. आधी दोराने कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं. जळत राहिला तर उतरायचं. हा कंदील सोडायचं काम मुकादम दुसऱ्या कुणाला करू देत नसे. म्हणून तो कंदील.

पण त्याने ही खोड पेवापुरती ठेवली असती तर ठीक होतं. हा माणूस सगळ्या दुनियेत कंदील सोडत फिरायचा. कुणी म्हटलं, मेव्हण्याने धंदा काढलाय, पैसे गुंतवतो, की हा म्हणायचा, "कंदील सोडलास का रं आधी?" कुणी मुलीसाठी स्थळ बघून आला, "कंदील सोडलास का?" आम्हाला वीट आला होता त्या कंदिलाचा.

पेठेच्या फाटकाशी एक चहाचं दुकान होतं. तिथे बाकड्याच्या टोकाला एक म्हातारा बसायचा. आमच्या मुकादमाच्या आधीचा तो मुकादम. एके काळी दोन पोती एकदम उचलणारा गडी, गावच्या जत्रेला स्वतःच्या पैशाने तमाशा आणणारा. पाठ गेली, मुलांनी बघायचं सोडलं, आता येणाऱ्या-जाणाऱ्याने पाजला तर चहा प्यायचा. दुकानदार त्याला वेगळा कप द्यायचा, कान मोडलेला. गिऱ्हाइकांच्या कपात मिसळू नये म्हणून. म्हातारा दोन्ही हातांनी तो कप धरायचा, चटके खात. आमचा मुकादम रोज तिथे जरा थांबायचा. स्वतः चहा घ्यायचा नाही, त्यालाही पाजायचा नाही. आम्हाला म्हणायचा, "चहा बघू नका. कप बघा."

त्या म्हाताऱ्यासमोर तो असं बोलायचा. म्हातारा ऐकायचा. मला वाटायचं, या माणसाच्या छातीत काळीज नाही, हळदीचा गड्डा आहे.

एका शनिवारी हमाली वाटायला बसलो. दर शनिवारी मुकादम पैशांचे चौदा वाटे करायचा. त्या दिवशी त्याने पंधरा केले. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"आवं मुकादम, येक वाटा ज्यादा झाला," बाबू म्हणाला. बाबू आमच्यातला सगळ्यात गरीब स्वभावाचा, सगळ्यात रुंद पाठीचा.

"ज्यादा न्हाई. त्यो पंधराव्याचा."

"पंधरावा कोन?"

"हाय येक म्हातारा. काम करत न्हाई, पोतं उचलत न्हाई. पर त्येला खायाला लागतंय."

आम्हाला वाटलं, फाटकावरच्या त्या म्हाताऱ्याला देतोय. दोघा-चौघांनी माना डोलावल्या, म्हणजे कंदिलाला माणुसकी सुचली तर. तेवढ्यात तो म्हणाला, "त्येला न्हवं रं, येड्यांनो. त्येचं काय व्हायचं ते झालं. ह्यो पंधरावा म्हंजी तुमीच. आनी पंधरा-ईस वर्सानं येनार हाय तुमच्या दारात. येईल तवा त्येला मोडका कप द्यायचा का चांगला, ते आज ठरवायचं."

आता सांगा, याला काय म्हणायचं? घाम आमचा, आणि पगार न जन्मलेल्या म्हाताऱ्याला! आम्ही भांडलो. एक जण म्हणाला, पोस्टात पुस्तक काढू. मुकादम थुंकला. "पोस्टात मागाय गेलं की पैसं देत्यात. हीच त्येंची खोड." दुसरा म्हणाला, बायकोच्या अंगावर सोनं घालू. "सोनं सावकाराची वाट न इचारता सापडतंय." मी म्हटलं, मेंढरं घेऊ, आमच्या गावाकडे भाऊ राखील. "मेंढरू वितं, मुकादम. हळद विती व्हय?"

"मेंढरू जावयाच्या ताटात जातंय," तो म्हणाला. "हळद जात न्हाई."

टोळी हसली. मला हसली. तेव्हापासून माझ्या मनात त्याच्याबद्दल अढी बसली ती बसली.

तीन वर्षं पंधराव्याचा वाटा निघत राहिला. आम्ही त्याची टिंगल करायचो. पोतं जड लागलं की म्हणायचो, "पंधराव्याला बोलवा की!" कुणी आजारी पडला की, "पंधरावा बरा हाय न्हवं?" मग एका वर्षी हळदीचा भाव उतरला, आणि मुकादमाने त्या सगळ्या पैशांची हळद घेतली. हरिपुरातलं सगळ्यात लहान पेव, व्यापाऱ्यांना नको असलेलं, भाड्याने घेतलं. हळद आत गेली, दगड बसला, माती लिंपली. लिंपून झाल्यावर त्याने चौदा जणांचे हात त्या ओल्या मातीवर ठेवून घेतले आणि अट सांगितली. टोळीतला पहिला गडी पाठीने किंवा पायाने हटेल, त्या दिवशी पेव फुटेल. तोवर कुणाची आई मरो, कुणाचं घर जळो, फुटणार नाही.

भाव उतरला म्हणून हळद घेतली, हे बरोबर होतं. पण भाव तिथे थांबला नाही, आणखी उतरला. मग टोळीने मुकादमाला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. तो ऐकून घ्यायचा. शनिवारी परत पंधरा वाटे. पेवाचं भाडं त्यातनं जायचं, उरलेलं तो बाजूला ठेवायचा.

त्याच सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी सोयऱ्यांना शब्द दिला, वरातीला मिरजेचा बँड आणतो. आमच्या बाजूला लग्नात बँड नसला तर लोक विचारतात, कुणी गेलंय का? आणि मी सांगलीला कमवणारा भाऊ. पैसे नव्हते. माझे पैसे हरिपुरात जमिनीखाली झोपले होते.

अमावास्येला पेठ बंद असते. मी पहार घेतली आणि सकाळीच हरिपूर गाठलं. बघतो तर पेवाच्या दगडावर मुकादम मांडी घालून बसलेला. भाकरी खात होता.

"आलास व्हय?"

"तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? दोन दिस तुझ्या डोळ्यात ब्यांड वाजतोय."

"उठा मुकादम. माझा वाटा काढतोय मी."

"काढ की. कंचा तुझा? वरचा का बुडातला? हळकुंडावर नाव लिवलंय का तुझं?"

मी पहार जमिनीत रोवली. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, कांद्याला लावला, चावला. घाई म्हणून नाही.

"हे बघ गड्या, फोडलं की समदं भाईर काढाय लागतंय. मग जा, बाकीच्या बारा जनांस्नी बोलावून आन. त्येंच्या तोंडावर सांग, माझ्या भनीच्या वरातीत पिपानी वाजाय पायजे, तवा तुमची म्हातारपनं पडत्या भावात इका. त्ये व्हय म्हनलं, तर पयली पहार मी मारतो."

मी त्याला एक शिवी दिली. चांगली होती, पण इथे लिहिता येण्याजोगी नाही. पहार उचलली आणि परत आलो. बारा जणांकडे गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?

लग्न हलगीवर झालं. जेवताना व्याही मोठ्यांदा म्हणाले, "सांगलीचा हमाल नुसता अंगानंच पिवळा दिसतोय, गाठीला पिवळं काय न्हाई." पंगत हसली. मी पानावरनं उठलो नाही, भात संपवला. पण त्या दिवशी ठरवलं, कंदिलाशी बोलायचं नाही. आणि नाही बोललो. सव्वा वर्ष.

न बोलणं सोपं नव्हतं बरं का. पोतं पाठीवर द्यायला दोन माणसं लागतात, दोन्ही टोकांना एकेक, पोत्यात लोखंडी हूक अडकवून. ती दोन माणसं म्हणजे मी आणि तो. पूर्वीपासूनची जोडी. मध्ये पाठ वाकवून उभा बाबू. मुकादमाला काही सांगायचं असलं की तो बाबूला सांगायचा. "ह्येला म्हनावं, हूक खोल मार." मी बाबूला म्हणायचो, "त्येला म्हनावं, मी ल्हान न्हाई." बिचाऱ्या बाबूच्या पाठीवर पोतं आणि कानात आमची भांडणं. एकदा तो पोत्याखालनंच ओरडला, "आवं, आदी वझं तरी टाका अंगावर, मग बोला!"

याच दिवसांत मला कळलं. पोतं उचलताना त्याची बाजू खाली येत होती. वेतभरच, तेही शेवटच्या झटक्याला. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, पण पोत्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. पोतं खोटं बोलत नाही. त्याचा उजवा गुडघा गेला होता. संध्याकाळी तो सगळ्यांच्या मागे राहायचा, भिंतीला धरून पायऱ्या उतरायचा, आणि कुणी बघितलं की भिंतीवरचा चुना खरवडायला लागायचा.

म्हणजे अट पुरी झाली होती. पहिला गडी हटला होता, तो स्वतःच. मी नुसतं शनिवारी तोंड उघडलं असतं तर पेव फुटलं असतं. भाव पडलेला, चौदाही जणांचं नुकसान, आणि ज्याने माझा बँड थांबवला त्याची पेठेत छी-थू. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. सोमवारपासून शनिवारपर्यंत मी ते चघळायचो.

मी बोललो नाही. दया आली असं समजू नका. आत माझाही चौदावा हिस्सा होता आणि भाव पडला होता, एवढंच. मी माझा हूक जरा त्याच्या बाजूला सरकवून मारायला लागलो. त्याच्या बाजूचं अर्धं वजन माझ्याकडे यायचं. त्याला ते पहिल्याच दिवशी कळलं. भिंतीकडे बघत म्हणाला, "मला काय झाल्यालं न्हाई. ज्येनं त्येनं आपली बाजू धरावी." बाबूने खालनं विचारलं, "ह्ये कुनाला सांगू?" मी हूक तिथेच मारत राहिलो. तो ओरडायचा म्हणून तर मुद्दाम मारायचो.

हळदीचा भाव चढायला लागला. मुकादम रोज दुपारी सौदे बघून यायचा आणि काही न बोलता कामाला लागायचा. असा एक शनिवार आला. पंधरा वाटे मांडून झाले आणि तो म्हणाला, "माझा गुडगा गेलाय. सालाच्या वर झालं. उद्या प्याव फोडू."

बाबू म्हणाला, "साल झालं? आनी आमाला कसं न्हाई कळलं?"

"ह्येला ठावं हाय," असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला तो, आणि तेही चहाडी केल्यासारखं.

सकाळी दगड हलवला. त्याने कंदील सोडला. अर्ध्यात गेला आणि विझला. आम्ही तोंडाशी बसून राहिलो. तासाने परत सोडला, परत विझला. चौदा जणांची वर्षं खाली पडलेली आणि वर आम्ही माश्या मारत बसलेले. एकाला धीर निघेना. "मी उतरतो, काय हुतंय?" मुकादम म्हणाला, "उतर. तुझा वाटा तेरा जनांत वाटू." तो बसला.

दुपार झाली तेव्हा कंदील तळाला जाऊन जळत राहिला. पहिला उतरायचा मान मुकादमाचा. त्याने पेवाच्या तोंडाकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं आणि दोराचं टोक माझ्या अंगावर फेकलं. "उतर." वर दोर त्याने धरला. मी खाली गेलो. अंधार, ऊब आणि नाकात बसणारा तो वास. एक हळकुंड उचलून मोडलं. टण्णकन आवाज आला. वरनं त्याने विचारलं, "मोडलं का तुटलं?" म्हणजे ठणठणीत आहे की मऊ पडलंय. मी ओरडलो, "मोडलं!" नुसता दोर हलला. तो रडला असं बाबू अजून सांगतो. बाबूचं काही खरं धरू नका.

हळद विकली. जो तो आपला वाटा घेऊन उठला आणि माणसं काय लायकीची असतात ते मी त्या आठवड्यात पाहिलं. एकाने रेडिओ घेतला, घरात वीज नाही, सेलवर चालवायचा. एकाने मनगटाला घड्याळ बांधलं, ज्याला वेळ कळत नव्हती. लोकांनी किती वाजले विचारलं की तो हात पुढे करायचा, "तुमीच बघा." एकाने गावाला सहा बोकडांचं जेवण घातलं. जेवून गेलेल्या गावाने त्याला पुढे ओळख दाखवली नाही. मुकादम प्रत्येकाचं ऐकायचा आणि उजवीकडे थुंकायचा. पाच वर्षं पोसलेला पंधरावा गडी आठ दिवसांत मारला लेकांनी.

मग माझी पाळी आली. माझे पैसे पुढे पडले होते. त्याने माझ्याकडे बघितलं. थुंकी गोळा केलेलीच होती.

"तू काय करनार? भनीला ल्योक झालाय म्हनं. बारशाला ब्यांड लावनार आसशील."

खोटं कशाला बोलू, मनात तेच होतं. मिरजेला जाऊन सुपारीसुद्धा ठरवून आलो होतो. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी इरेला पेटलो. पैसे उचलले आणि त्याच्या मांडीवर आपटले.

"परत घाला हळद. माजी येकट्याची. बगू कोन फोडतंय ते!"

त्याची मान उजवीकडे वळली होती, ती तिथेच थांबली. मग त्याने थुंकी गिळली. माझ्या देखत गिळली. आणि पैसे मोजायला लागला.

पुढच्या महिन्यात तो वाईला गेला, पुतण्याकडे. एसटीत बसवायला मी एकटाच होतो. खिडकीतनं म्हणाला, "परत कशाला जातोस टांग्यानं? पाय हायत न्हवं?" गेला. टोळीचं मुकादमपण माझ्याकडे आलं, त्याच्या जागी एक नवा गडी घेतला. मी शनिवारी पंधरा वाटे करायला लागलो आणि टोळी मला शिव्या द्यायला लागली. मला बरं वाटायचं.

चार वर्षांनी वाईला एका कामाने गेलो तेव्हा त्याच्याकडे डोकावलो. घर घाटाच्या वरच्या अंगाला. तो ओसरीत खुर्चीवर बसला होता, गुडघ्याला फडकं बांधून. मी बसलो आणि पुतण्याची बायको चहा घेऊन आली. कपबशी, दोन बिस्किटं, वर "मामंजी, साखर बघा," असं विचारणं. ती आत गेली तसं त्याने कप माझ्यासमोर फिरवला. कान होता. धड, पांढरा.

"माया समजू नगंस," तो हळू म्हणाला. "पयल्या तारखेला हातावर ठिवतो, तवा साखर इचारती. पर च्या गरम आसतोय."

"जन्मात कुनाला चांगलं म्हनला न्हाईसा तुमी, मुकादम."

"चांगलं म्हनून काय मिळतंय?" मग नदीकडे बघत म्हणाला, "पंधरावा जिता हाय का रं?"

"हाय."

त्याने बिस्किट चहात बुडवलं. मला दुसरं बिस्किट दिलं नाही.

पुढे पुतण्याचं पत्र आलं, मुकादम गेले म्हणून. मी बाबूला वाचून दाखवलं. मी गेलो नाही. शनिवार होता, हमाली वाटायची होती. आणि गेलो असतो तर एसटीच्या भाड्यावर तोच आधी थुंकला असता. पंधरा वाटे केले. पंधरावा बाजूला काढताना हात जरा रेंगाळला, बाबू म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काय न्हाई, धुरळा गेला डोळ्यात." हळदीच्या पेठेत धुरळ्याला काय तोटा?

आता माझं वय मलाच सांगता येत नाही. पाठ कधीच गेली. दोन मुलं आहेत, सुना आहेत, आणि माझा खर्च मी कुणाकडे मागत नाही. यात त्या माणसाचे उपकार मानावेत असं लोक म्हणतात. मी मानत नाही. मी जे साठवलं ते त्याच्या नाकावर टिच्चून साठवलं, त्याच्या शहाणपणाने नव्हे. रोज दोन वेळा सून चहा आणते. मी आधी कपाचा कान बघतो. मग चहा गरम आहे का ते बघतो. सुनेचं तोंड सगळ्यात शेवटी.